आधी परतीची तारीख विचार

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. स्थलांतरित कामगाराच्या थकलेल्या पगाराचं पहिलंच प्रकरण हातात आलं आणि त्यात लावता येतील अशी आठ कलमं तू शोधून पाठवलीस. कलमं बरोबर आहेत. पण समोर बसलेल्या माणसाचा व्हिसा कधी संपतो, हे तुझ्या अख्ख्या पत्रात कुठेच नाही.

स्थानिक कामगाराचा पगार बुडाला तर तो दुसरीकडे काम धरतो आणि दावा लढत राहतो. स्थलांतरिताचं काम, राहायची खोली आणि देशात राहण्याचा परवाना हे बहुतेक वेळा एकाच हातात असतं. तक्रार केली की तिन्ही जातात. आखाती देशांतल्या कफाला पद्धतीत, म्हणजे मालकाच्या हमीवर परवाना देणाऱ्या पद्धतीत, हे उघड दिसतं, पण तिथेच असं घडतं असं नाही. परदेशी कामगाराचा परवाना एकाच मालकाशी बांधून ठेवणारी व्यवस्था इस्रायलमध्येही होती. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला आधुनिक गुलामगिरी म्हटलं. दावा दोन वर्षं चालणार आणि व्हिसा दोन महिन्यांत संपणार, असं असेल तर मालकाच्या वकिलाला युक्तिवाद करायचीही गरज नसते. तो नुसत्या तारखा मागत बसतो.

मी हे हरून शिकले. बांधकामावरच्या सात जणांचे चार महिन्यांचे पगार थकले होते. अर्ज मी इतका सुरेख लिहिला होता की आजही वाचायला बरा वाटतो. सुनावणीच्या दिवशी सातांपैकी एकही जण देशात नव्हता. कंपनी म्हणाली, ही माणसं आमच्याकडे कधी नव्हतीच. माझ्याकडे त्यांचे जे फोन नंबर होते ते सगळे तिथल्या सिमचे, आणि ती सिम बंद पडलेली.

म्हणून पहिल्या भेटीत कायद्याची पुस्तकं मिटून ठेव. हा माणूस उद्या विमानात बसला तरी दावा उभा राहील का, एवढंच बघ. त्याचा सविस्तर जबाब त्याच्या भाषेत, शपथेवर, त्याच दिवशी घे. तुमच्यापैकी कुणीतरी त्याच्या वतीने उभं राहू शकेल असं मुखत्यारपत्र घे. दावा दाखल करायची मुदत किती उरली आहे ते बघ. कामगार गप्प बसलेला असतानाही ती संपत असते. आणि मालक ज्या कागदावर सही मागतोय तो आधी तुला दाखवायला सांग. ‘सर्व हिशेब मिळाला, तक्रार नाही’ अशी एक ओळ, तीही त्याला न येणाऱ्या भाषेत, पुढे सगळ्यावर पाणी फिरवते.

पुराव्याचं म्हणशील तर पक्क्या पावत्यांची वाट बघू नकोस, त्या नसतातच. मुकादमाचा ‘उद्या सहाला गेटवर या’ हा मेसेज पुरावा आहे. साइटवरचा फोटो, हेल्मेटवरचं नाव, बँकेत एकदाच आलेला पगार आणि तो कुणाच्या खात्यातून आला, हे सगळं पुरावा आहे. त्याने वहीत तास लिहून ठेवले असतील तर उत्तमच. १९४६ च्या माउंट क्लेमेन्स पॉटरी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कामाच्या तासांची नोंद ठेवणं मालकाचं काम आहे. त्याने ती नीट ठेवली नसेल तर कामगाराने वाजवी अंदाज बसेल इतकं दाखवावं, पुढे तो अंदाज खोडून काढणं मालकाकडे. तू जिथे आहेस तिथे हा निकाल बंधनकारक नसेलही. त्यामागची बुद्धी मात्र कुठल्याही न्यायाधीशाला पटते.

ज्याच्याकडे देशात राहायची कागदपत्रंच नाहीत त्याचं काय, हा तुझा प्रश्न सगळ्यात चांगला होता. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेव. केलेल्या कामाचा पगार ही एक, आणि कामावरून काढल्यामुळे बुडालेल्या पुढच्या कमाईची भरपाई ही दुसरी. २००२ मध्ये हॉफमन प्लास्टिकच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी दुसरी गोष्ट नाकारली. त्यानंतर अशा कामगारांच्या हक्कांबद्दल मेक्सिकोने आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाचं मत मागितलं, आणि २००३ मध्ये त्या न्यायालयाने सांगितलं की माणूस कामाला लागला की कामगार म्हणून मिळणारे हक्क त्याचे होतात, वास्तव्य नियमित असो वा नसो. मागच्या कामाच्या मोबदल्याबाबत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७५ चा १४३ क्रमांकाचा करारही हेच सांगतो. पहिली मागणी आधी, स्वतंत्रपणे मांड. दोन्हींची खिचडी केलीस तर दुसरी पहिलीलाही घेऊन बुडते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तू तक्रार देतेस ते कामगार खातं त्याचं नाव इमिग्रेशनला कळवतं का, हे आधी शोध. कळवत असेल तर तो धोका त्याला स्पष्ट सांग आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ दे.

तू ज्यावर एवढा भर दिलास तो स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा १९९० चा संयुक्त राष्ट्रांचा करार सुंदर आहे. देशाबाहेर काढताना थकलेला पगार वसूल करायची संधी मिळाली पाहिजे, जाण्याआधी किंवा नंतर, हेसुद्धा त्यात लिहिलंय. पण तो २००३ मध्ये अमलात आला तेव्हा आणि त्यानंतरही पश्चिम युरोप नि उत्तर अमेरिकेतल्या श्रीमंत यजमान देशांनी त्यावर मान्यतेची मोहोर उमटवली नाही. तो युक्तिवादात वापर, पैसे मात्र स्थानिक कायद्यातूनच निघतील.

किंवा पाठवणाऱ्याकडून. मालक हाताला लागत नसेल तर भरती करणाऱ्या एजन्सीचं नाव काढ. फिलिपिन्सच्या १९९५ च्या कायद्यात परदेशी मालकाइतकीच एजन्सीही पूर्ण रकमेला जबाबदार असते, त्यामुळे माणूस घरी परतून आपल्याच देशात दावा लावू शकतो. सगळ्या देशांत अशी सोय नाही. तुझ्याकडे येणारे ज्या देशांतून येतात, तिथे काय आहे याची एक वही कर.

दुभाषा मुकादमाच्या ओळखीचा घेऊ नकोस. हे सांगायला नको, तरी सांगते, कारण तोच सगळ्यात सहज मिळतो.

आणि त्याला नक्की काय हवंय ते विचार. तुला मालक आरोपीच्या पिंजऱ्यात हवा असेल. त्याला कदाचित तीन पगार आणि पासपोर्ट घेऊन मुलीच्या परीक्षेआधी घरी जायचं असेल. मला हे पटायला फार वर्षं लागली, आणि अजूनही कधी कधी राग येतो.

तू लिहिलंस, तो सोमवारी पुन्हा येणार आहे. तेव्हा त्याच्या गावाकडचे दोन नंबर घे, एक घरचा आणि एक शेजाऱ्याचा. घेतलेस की मला कळव.

तुझी,
ताई