प्रोटोकॉल कन्व्हर्टरचा क्लेम 'ऑब्व्हियस' ठरेल का?

तुमच्या पेटंट अर्जातला पहिला क्लेम, म्हणजे ज्यावर हक्क मागितलाय ते वाक्य, असं: गेटवेने (दोन जाळी जोडणाऱ्या उपकरणाने) इथरनेटवरून मॉडबस टीसीपीची विनंती घ्यायची, तिची मॉडबस आरटीयू (मॉडबस ही कारखान्यातल्या उपकरणांची बोलण्याची पद्धत; हे तिचं सिरियल लाइनवरचं रूप) करून सिरियल लाइनवर सोडायची आणि उत्तर उलट्या वाटेने परत द्यायचं. प्रश्न असा, की दोन्ही प्रोटोकॉल जुने असले तरी त्यांना जोडणारा जुना कागद सापडला नाही, मग अमेरिकी एक्झामिनर (पेटंट अर्ज तपासणारा अधिकारी) याला ऑब्व्हियस, म्हणजे सहज सुचण्यासारखं, कसं म्हणतो?

आधी एक गल्लत सोडवू. सगळं एकाच कागदात नाही, म्हणून क्लेम नवा ठरतो. तो अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम १०२ चा विषय. ऑब्व्हियसचं कलम १०३ विचारतं, की अर्जाच्या तारखेआधी त्या क्षेत्रातल्या साध्या जाणकाराला हे तुकडे जोडावेसे वाटले असते का. जोडण्याचं कारण कागदावर लिहिलेलंच हवं, असा हट्ट अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निकालानंतर चालत नाही. एक्झामिनरने मात्र पटेल असं कारण मांडायला हवं. 'सगळ्यांना माहीत आहे' एवढ्यावर भागत नाही.

आता फ्रेम, म्हणजे संदेशाचा साचा, उघडून बघा. टीसीपीच्या बाजूला ७ बाइटचं हेडर, त्यात युनिट आयडेंटिफायर (उपकरणाचा क्रमांक). तो काढून आरटीयूच्या पत्त्याच्या बाइटमध्ये टाकायचा, फंक्शन कोड आणि डेटा तसाच ठेवायचा, शेवटी २ बाइटचा सीआरसी (चूक पकडणारा तपासणी-आकडा) जोडायचा. झालं रूपांतर! आणि गंमत म्हणजे मॉडबस टीसीपीचं जाहीर स्पेसिफिकेशनच सांगतं, की युनिट आयडेंटिफायर गेटवेमागच्या सिरियल उपकरणापर्यंत पोहोचण्यासाठी आहे. म्हणजे कागद आहे, तुमच्या सर्चमधून तो निसटला. पहिल्या क्लेमसाठी भांडण्यात मला अर्थ दिसत नाही. तो नवा तरी ठरेल का, याचीच शंका आहे.

सातवा क्लेम मी दोनदा वाचला. एक क्लायंट (माहिती मागणारा) उपकरणातली रजिस्टर, म्हणजे आकडे ठेवायच्या जागा, १०० ते १०९ मागतो, दुसरा १०५ ते ११४. गेटवे सिरियल लाइनवर १०० ते ११४ एकदाच वाचतो आणि दोघांना आपापला तुकडा कापून देतो. हे फ्रेमची भाषांतरं करण्यापलीकडचं आहे. टीसीपीवर अनेक जण एकदम विचारू शकतात, सिरियल लाइनवर एका वेळी एकच विनंती जाते; या विसंगतीतून ते आलंय. मला अशाच जागा शोधायची सवय आहे, कारण जे एकास एक जुळतं तिथे शोध म्हणावं असं क्वचितच काही निघतं.

तरी निर्धास्त राहू नका. शेजारच्या वाचन-विनंत्या एकत्र करणं डिस्कच्या जगात जुनं आहे. 'ते क्षेत्रच वेगळं' हे उत्तर पुरणार नाही, कारण त्याच अडचणीशी संबंधित कागद एक्झामिनर दुसऱ्या क्षेत्रातूनही आणू शकतो. तुमचा गेटवे डिस्कपेक्षा वेगळं काय करतो? मधेच एखाद्या क्लायंटने त्याच रजिस्टरमध्ये लिहिलं तर एकत्र केलेल्या वाचनाचं काय होतं? अर्जातल्या वर्णनात याचं उत्तर असेल, तर ते सातव्यासकट उचलून पहिल्या क्लेममध्ये घाला. वर्णनात नसेल, तर या अर्जात ते आता घालता येणार नाही.