मित्र की अंतर? गेम थिअरीचा प्रोजेक्ट घ्यावा का

प्रश्न : मी सोलापुरात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोशल नेटवर्कवरच्या लोकांना जवळपासचे कार्यक्रम सुचवणारं ॲप, हा आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट. त्यात गेम थिअरी, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निवडींचं गणित, वापरावी असं मला वाटतं. ग्रुपमधले म्हणतात, अंतर मोजून यादी दाखवू, झालं. पप्पा म्हणतात, त्यापेक्षा जावा पक्कं कर, यानं नोकरी लागणार आहे का? काय करू? – एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : विषय घे, ॲप सोड. लॉगिन, नकाशा आणि बटणांचे रंग यांत अख्खं सत्र जातं, आणि व्हायव्हात परीक्षक विचारतात, ‘यात तुमचं काय?’ तुमचं जे काही असेल ते कोणाला कोणता कार्यक्रम सुचवायचा, या वाटणीच्या गणितात असेल.

नुसतं अंतर पाहिलं, तर तुला विजापूर रोडवरचाच कार्यक्रम सुचेल, मग सगळ्या मैत्रिणी हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला का जाईनात. नुसती मैत्री पाहिली, तर सगळं गाव एकाच सभागृहात कोंबणं हेच ‘उत्तम’ उत्तर निघतं! दोन्ही साधायचं, तर कार्यक्रम दोनच असताना ‘मिनिमम कट’नं, म्हणजे मैत्रीच्या जाळ्याचे कमीत कमी खर्चात दोन तुकडे करण्याच्या रीतीनं, अचूक उत्तर झटपट मिळतं. तीन झाले की प्रश्न एनपी-हार्ड होतो, म्हणजे अचूक उत्तर नेहमी झटपट देणारी रीत कोणालाच माहीत नाही. गेम थिअरीची गरज इथे लागते.

प्रत्येक वापरकर्ता हा खेळाडू, कार्यक्रम निवडणं ही त्याची चाल. त्याचा खर्च = अल्फा × अंतर + (१ − अल्फा) × दुसरीकडे गेलेल्या मित्रांचा दंड. अल्फा म्हणजे अंतराला दिलेलं वजन, ० ते १ मधलं. समजा अल्फा ०.५, दर मित्रामागे दंड २. विजापूर रोड तुला १ किमी, स्मृती मंदिर ४ किमी. तीन मैत्रिणींपैकी दोघी स्मृती मंदिरात, एक विजापूर रोडला. इथे थांबलीस तर खर्च ०.५ + २ = २.५; तिकडे गेलीस तर २ + १ = ३. म्हणजे थांबशील. तिसरी मैत्रीणही तिकडे गेली, की थांबण्याचा खर्च ३.५ आणि जाण्याचा २. आता तूही निघशील. सुरुवातीला प्रत्येकाला सर्वांत जवळचा कार्यक्रम द्यायचा आणि एकेकाला अशी फेरविचाराची संधी द्यायची. एका पूर्ण फेरीत कोणीच हललं नाही, की नॅश समतोल आला, म्हणजे एकट्यानं जागा बदलून कोणाचाच फायदा होत नाही.

हे थांबतंच, याचं कारण ‘पोटेन्शियल गेम’. मॉन्डरर आणि शॅप्ली यांनी १९९६ मध्ये ही कल्पना नीट मांडली. सगळ्यांची अंतरं आणि ताटातूट झालेल्या जोड्यांचा दंड, दोन्ही आपापल्या वजनासह, अशी एक बेरीज धरायची; एकाचा खर्च जेवढा घटतो, तेवढीच ती घटते. शक्य वाटण्या मर्यादितच, त्यामुळे ती कायम घटत राहू शकत नाही. मात्र प्रत्येक जोडी एकदाच मोजायची. सगळ्यांच्या खर्चांची सरळ बेरीज केली, तर दंड दोनदा धरला जातो, आणि ती बेरीज मधूनच वाढलेली दिसते. मग मुलं कोडमधली चूक शोधत बसतात. कोड बरोबरच असतो.

खऱ्या चुका दुसरीकडे असतात. अंतर मीटरमध्ये घातलं, की १००० आणि ४००० पुढे २ चा दंड कुठल्या कुठे जातो. दोन्ही एका मापात आणा. सगळ्यांना एकदम हलवलं, तर तू तिकडे आणि मैत्रीण इकडे, पुढच्या फेरीत उलट, असा झोपाळा सुरू राहतो. वेग हवाच असेल, तर ग्राफ कलरिंग करून, म्हणजे मित्रांना वेगवेगळे रंग देऊन, एकमेकांचे मित्र नसलेल्यांनाच एकत्र हलवा. खर्च सारखा असेल तर जागा बदलायची नाही, हा नियम आधीच लिहा. सभागृहाला आसनमर्यादा घातली, तर आधी आलेला जागा धरून बसतो आणि अदलाबदलीत दोघांचा फायदा असूनही ती होत नाही. मर्यादा हाच गाभा असेल, तर गेल आणि शॅप्ली यांची १९६२ ची, दोन्ही बाजूंच्या पसंतीनुसार जागा वाटणारी जुळणी वाचा. आयआयटी-एनआयटींचे सामाईक प्रवेश त्याच कुळातले.

आता पप्पांचा प्रश्न. ‘गेम थिअरी हवी’ अशी जाहिरात सहसा दिसत नाही, हे खरंच. जाहिरातींचे लिलाव, टॅक्सी-प्रवासी जुळणी, डिलिव्हरीची वाटणी या कामांत हेच गणित असतं. पण मुलाखतीत आधी डेटा स्ट्रक्चर्स आणि संभाव्यता विचारतात. म्हणून जावा सोडू नकोस, प्रोजेक्ट त्यातच लिही. पुढे शिकायचं असेल, तर गेट ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आणि कोलकात्याची आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) यांच्याही प्रवेशपरीक्षा बघून ठेव.

डेटासाठी सोलापूरकरांचे फोन नंबर गोळा करत फिरू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्नॅप या नेटवर्क-डेटाच्या संग्रहात ब्राइटकाइट या जुन्या, ठिकाण कळवणाऱ्या सोशल नेटवर्कचा डेटा मोफत आहे : ५८,२२८ वापरकर्ते, त्यांची मैत्री आणि चेक-इनची ठिकाणं. त्याआधी आठ माणसं आणि तीन कार्यक्रम घेऊन सगळ्या ६,५६१ वाटण्या मोजा आणि तुमचा समतोल सर्वोत्तम वाटणीपेक्षा किती महाग पडतो ते बघा. सुरुवात बदलली की समतोलही बदलू शकतो, तेव्हा निदान वीस वेगवेगळ्या सुरुवाती घ्या. तो तक्ता अहवालात पहिल्या पानांवर टाका.