दीड वर्षाची मुलगी बाबागाडीत बसायलाच तयार नाही, काय करावं?

आधी तिला थोडं चालू द्या आणि मग बसवा. दारातच पट्टा लावायला गेलात तर ती कमान करून अंग ताठ करणारच. या वयात पायांत नुकतं बळ आलेलं असतं, त्यामुळे बांधून ठेवलेलं मुळीच खपत नाही. पाळणाघरात मी रोज संध्याकाळी अशी मुलं बागेत नेते, तिथे हेच उपयोगी पडतं. ‘त्या नळापर्यंत तू चाल, मग गाडी’ असं निघायच्या आधीच सांगा आणि नळ आला की खरंच बसवा. बकल तिच्या हाताने ‘टक्’ करून लावू द्या. तो आवाज मुलांना फार आवडतो. पट्टा लागला की लगेच गाडी हलवा, उभ्या गाडीत रडणं वाढतं. रडते म्हणून पट्टा मात्र सैल सोडू नका, मूल खाली घसरतं.

आधी आनंदाने बसणारी मुलगी अचानक नको म्हणू लागली असेल, तर हा हट्ट नसेलही. खांद्याची पट्टी मानेला घासतेय का, बकल उन्हात तापलंय का, लंगोटाखाली पुरळ आलंय का, ते आधी बघा.