हेडफोन लॅपटॉपला कनेक्टेड दाखवतो पण आवाज स्पीकरमधूनच येतोय, काय करू?

ब्लूटूथवाला असेल तर आधी फोनचं ब्लूटूथ बंद करून बघा, बऱ्याचदा हेडफोन गुपचूप फोनलाच चिकटलेला असतो आणि आपण उगाच लॅपटॉपला शिव्या घालतो. मग विंडोजमध्ये खाली उजवीकडे स्पीकरच्या आयकॉनवर क्लिक करा, आवाजाच्या पट्टीशेजारी छोटा बाण असतो तो दाबला की आउटपुटची यादी येते, त्यात हेडफोनचं नाव निवडा, बऱ्याच लोकांचं काम इथंच होतं. नाहीच झालं तर ब्लूटूथच्या सेटिंगमधून हेडफोन रिमूव्ह करून परत पेअर करा.

आवाज येतोय पण डब्यातून आल्यासारखा? मग कुठलं तरी मीटिंगचं ॲप हेडफोनचा माइक धरून बसलंय, कारण माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि क्वालिटी पडते. ॲपमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा.

वायरवाला असेल तर ३.५ एमएमच्या जॅकमध्ये टॉर्च मारून बघा, माझ्या जॅकच्या तळाशी कापसासारखा कचरा दाबून बसला होता, पिन पूर्ण आत जातच नव्हती. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढला, सुई मात्र घालू नका.