पट्टा आधी, ठोका नंतर
भावा, २६ जूनला शाहू जयंतीच्या फेरीत पहिल्यांदा साइड ड्रम (बँडमधला, पट्ट्याने अंगावर अडकवून दोन काठ्यांनी वाजवायचा ड्रम) वाजवणार असशील, तर आधी पट्टा नीट कर. ड्रम गुडघ्यावर आपटत राहिला की पाऊल आखडतं आणि ताल मागे पडतो. पट्टा वर घे, ड्रम डाव्या मांडीला टेकू दे. बास ड्रमच्या, म्हणजे बँडमधल्या मोठ्या ड्रमच्या ठोक्यावर डावा पाय पडलाच पाहिजे. मिनिटाला साधारण १२० पावलं. ड्रमशिवाय, तोंडाने बोल म्हणत मैदानाला फेऱ्या मार. याच्याइतका कामाचा सराव दुसरा नाही. कोल्हापूरच्या दसरा चौकात गर्दी दिसली की हात पळतो, सगळ्यांचाच. तेव्हा बास ऐक, शेजाऱ्याच्या काठ्या बघू नकोस. वळणावर आतल्या बाजूला असलास तर पाऊल तोकडं टाक. आणि जून आहे, पाऊस येणारच. ओल्या काठ्या निसटतात, खिशात कोरडा रुमाल ठेव.