स्थायीत मंजूर झालेल्या रस्त्यावर नंतर नजर कुणाची?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या गल्लीचा रस्ता फेब्रुवारीत काँक्रीटचा केला, सगळे खूश होतो, आणि दीड महिन्यात पाण्याची लाइन टाकायची म्हणून मधोमध फोडला. नगरसेवक म्हणाले ‘स्थायीत मंजूर झालंय’, इंजिनिअर म्हणाले ‘ती दोन वेगळ्या खात्यांची कामं आहेत’. मग या सगळ्यावर देखरेख करणारी समिती नक्की कोणती आणि ती करते काय? शहराचं नाव छापू नये ही विनंती. (एका सोसायटीच्या सेक्रेटरी)

उत्तर : ताई, अशी पत्रं दर उन्हाळ्यात येतात आणि दरवेळी तेवढाच जीव जळतो, कारण तो पैसा तुमच्याच घरपट्टीचा असतो.

आधी समिती कोणती ते सांगते. मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिका 1949 च्या महापालिका कायद्यावर चालतात, मुंबईचा कायदा वेगळा आहे, 1888 चा. 1949 च्या कायद्यात पैशाच्या चाव्या स्थायी समितीकडे दिल्यात, 16 नगरसेवक असतात, पक्षांना संख्याबळाप्रमाणे जागा मिळतात, आणि दरवर्षी निम्मे सदस्य बाहेर पडतात. पहिल्या वर्षी कोण बाहेर जाणार ते चिठ्ठ्या काढून ठरतं. आता हे तुमच्या रस्त्याला लावून बघा. तुमच्या रस्त्याला ज्यांनी मंजुरी दिली त्यातले निम्मे लोक वर्षभरात तिथे नसतात, आणि रस्त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा काळ, त्याहून जास्त चालतो. रस्ता खचेपर्यंत विचारणारं माणूसच बदललेलं असतं.

फाइल कशी फिरते तेही बघा. खातं इस्टिमेट बनवतं, त्याला कागदावर पूर्वगणनपत्रक म्हणतात, मग टेंडर निघतं, आणि ठरावीक रकमेच्या वरचं टेंडर स्थायीपुढे येतं. समिती ते मान्य करते किंवा पुढे ढकलते, नाहीतर दफ्तरी दाखल करते म्हणजे विषय संपला. बैठक साधारण आठवड्याला असते, विषयपत्रिकेवर ढिगाने विषय असतात आणि वर आयत्या वेळचे विषय येतात, जे सदस्यांनासुद्धा त्याच दिवशी हातात पडतात. पथ विभागाचा तुमचा रस्ता एका मंगळवारी आला असेल आणि पाणीपुरवठ्याची लाइन तीन मंगळवारनंतर. दोन्ही डॉकेट, म्हणजे प्रस्तावाच्या फाइली, नियमात बसतात आणि दोन्ही मंजूर होतात. ‘या रस्त्याखालून वर्षभरात कुठली लाइन जाणार आहे का’ एवढा एक प्रश्न पथ विभागाने पाणी आणि ड्रेनेजच्या लोकांना लेखी विचारून त्याचं उत्तर डॉकेटला जोडलं असतं तर तुमचा रस्ता फुटला नसता. समितीने हा कागद नसेल तर विषय परत पाठवायला पाहिजे, तेवढा अधिकार तिला नक्की आहे.

मंजुरीनंतरचं काम मात्र समितीच्या टेबलावर येतच नाही. वर्क ऑर्डर निघते, साइटवर ज्युनिअर इंजिनिअर असतो, तो मोजमापं घेऊन एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात लिहितो आणि त्यावरून बिल निघतं. मी एकदा एका महापालिकेत अशी एमबी उघडून बघितली होती, छोट्या रस्त्याच्या कामाची. पानभर थराची जाडी लिहिलेली, सगळीकडे 0.150 मीटर, एका जागी 0.148 नाही की 0.155 नाही, सगळं एका पेनने एका बैठकीत लिहिल्यासारखं, आणि क्वालिटी टेस्टचा रिपोर्ट जोडलेलाच नव्हता. रस्ता ज्याने पाहिलाय त्याला कळतं की रोलर फिरल्यावर दहा ठिकाणी एकच जाडी मिळत नसते. आम्ही चार शेजाऱ्यांनी फक्त टेस्ट रिपोर्टची प्रत लेखी मागितली, आरडाओरडा काही केला नाही. काही दिवसांनी माणसं आली, मशीनने रस्त्यातून डबीएवढे गोल कोअर, म्हणजे थराचे नमुने, काढले, त्यातले दोन जाडीत कमी भरले आणि बिल थांबलं. तेव्हापासून मी सगळ्यांना तीन कागद मागायला सांगते : इस्टिमेट, वर्क ऑर्डर आणि एमबी. इस्टिमेटमध्ये काय करायचं ठरलं ते कळतं, वर्क ऑर्डरमध्ये कधीपर्यंत आणि दोषदायित्व किती वर्षांचं ते, आणि एमबीत काय केलं म्हणून पैसे मागितले ते.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहिती असते. महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल थेट स्थायी समितीला देतो, आयुक्तांच्या हाताखालून नाही. म्हणजे झालेल्या खर्चावर बोट ठेवायची सोय कायद्याने समितीला दिलेली आहे, पण टेंडरच्या विषयाला जेवढी गर्दी होते तेवढी ऑडिटच्या आक्षेपांना होत नाही. तुमच्या भागातला कुणी स्थायीवर असेल तर त्याला ‘रस्ता कधी करणार’ यासोबत ‘गेल्या वर्षीच्या रस्त्यांवर किती लेखाआक्षेप आहेत’ हेपण विचारा.

मधली वर्षं तर समितीच नव्हती हेही ध्यानात घ्या. पुणे, मुंबईसारख्या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला. तोवर आयुक्त हेच प्रशासक, प्रस्ताव त्यांच्या खात्याचा आणि स्थायी आणि मुख्य सभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, या दोन्हींची मंजुरीही त्यांचीच. अधिकारी चांगला असला तरी हे बरोबर नाही असं माझं ठाम मत आहे, कारण नगरसेवक नीट विचारो न विचारो, लोकांसमोर प्रश्न विचारायची एक जागा तरी असते, ती जवळपास चार वर्षं बंद होती.

प्रश्न : ठाण्यात बससाठी परिवहन समिती आहे, पुण्यात तशी समिती का नाही?

उत्तर : कारण पुण्याची बससेवा आता महापालिकेचा विभाग राहिलेली नाही. 1949 च्या कायद्यात महापालिकेचा स्वतःचा परिवहन उपक्रम असेल तर परिवहन समिती नेमायची तरतूद आहे, म्हणून ठाणे, नवी मुंबईत ती दिसते. मुंबईत बेस्ट समिती असते. पुण्यात 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी काढली, त्यात पुण्याचा वाटा 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा 40. कंपनी म्हटलं की संचालक मंडळ आलं, त्यावर दोन्हीकडचे महापौर, स्थायीचे अध्यक्ष आणि आयुक्त असतात. पण तूट भरून काढायचा पैसा महापालिकांच्याच बजेटमधून जातो, त्यामुळे बसबद्दल विचारायचं असेल तर बजेटच्या वेळी स्थायीच्या सदस्यांना जरूर विचारा, ‘ती वेगळी कंपनी आहे’ या उत्तरावर थांबू नका.

प्रश्न : आमच्या चौकातल्या पुलाचं काम दुसरी एजन्सी करतेय, नगरसेवक म्हणतात आमच्या हातात नाही. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जुलै 2020 मध्ये पाडायला घेतला, हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी, आणि ते काम पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे स्फोटकांनी पाडला, ते काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं. अशा पुलाचं टेंडर महापालिकेच्या स्थायीपुढे येत नाही हे बरोबर. पण खाली जाणाऱ्या ड्रेनेजच्या लाइनी, बाजूचे फुटपाथ, पर्यायी रस्ते, त्यासाठी लागणारं भूसंपादन, यातलं बरंचसं महापालिकेकडेच असतं, आणि लोक हाल भोगतात ते बहुतेक या बाजूच्या कामांमुळे. म्हणून पुलाचं सोडा आणि या एकेका गोष्टीचं लेखी विचारा, मग ‘आमच्या हातात नाही’ म्हणता येत नाही.

प्रश्न : मी घरी असते, राजकारणातलं काही कळत नाही. स्थायीत जाऊन बोलता येतं का? (एक आजी)

उत्तर : आजी, स्थायीत नाही बोलता येत, पण त्याहून जवळची जागा आहे. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात प्रभाग समिती असते, त्यात त्या भागातले नगरसेवक आणि वॉर्ड ऑफिसर बसतात, आणि कायद्याने तीनपर्यंत सदस्य सामाजिक संस्थांमधून घेता येतात. पाणी, ड्रेनेज, कचरा, पावसाळी गटार या तक्रारी लवकर सोडवणं हे कायद्यातच तिचं काम म्हणून लिहिलंय. तिथे अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका, शिक्का आणि तारीख असलेली.

कागद बघायचे असतील तर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात जा, पण ही सोय तुमच्याकडे चालू आहे ना ते आधी विचारून घ्या. पुणे महापालिकेत ही सोय आधीपासून होती, नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य सरकारने ती इतर महापालिकांनाही लागू केली. फाइल बघायला माहिती अधिकाराचा अर्ज करून महिनाभर थांबावं लागत नाही. चष्मा आणि वही घेऊन जा, सोबत नातवंड असेल तर उत्तम, मोबाइलवर फोटो काढू द्याल का हे आधी विचारून घ्या.

आणि तुम्ही पुण्यात असाल तर नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही योजना 2006-07 च्या बजेटपासून आहे, त्यात आपल्या भागातलं छोटं काम स्वतः सुचवता येतं, बाक, फुटपाथची दुरुस्ती, दिवा, बसथांबा असं. फॉर्म भरताना ‘रस्ता चांगला करावा’ असं लिहू नका, असं काम बाजूला पडतं. ‘अमुक शाळेच्या गेटपासून अमुक दवाखान्यापर्यंत डाव्या हाताचा फुटपाथ, साधारण 60 पावलं, दोन ठिकाणी झाकण खचलंय’ असं लिहा, कारण इस्टिमेट करणाऱ्या इंजिनिअरला ती जागा सापडली तरच ते काम यादीत येतं.