सुरीला लाकडी मूठ बसवायला कोणती हातहत्यारं घ्यावीत?

पैसे घालायचे तर कानशीवर घाला. अर्धगोल कानस दोन प्रकारची घ्या: लाकूड खरवडायला जाड दात्यांची, पितळी रिव्हेट (मूठ पात्याला जखडणारे खिळे) सपाट करायला बारीक दात्यांची. लोखंडावर झिजलेली जुनी कानस लाकूड नुसतं घासत बसते. बाकी बारीक पात्याची करवत, हँड ड्रिल, दोन-तीन क्लॅम्प आणि ८० ते ४०० नंबरचे पॉलिश पेपर पुरेत. पटाशी लागते ती पात्याची शेपूट (मागचा निमुळता भाग) मुठीच्या आत शिरणाऱ्या सुरीलाच.

ड्रिलचा बिट रिव्हेटच्याच मापाचा हवा. घट्ट बसवून ठोकलं तर शिसव हमखास तडकतं. पात्याकडची मुठीची कड मात्र चिकटवण्याआधीच घासून गुळगुळीत करा, नंतर तिथे कानस फिरवली की पात्यावर ओरखडे पडतात. आणि धारेला जाड टेप गुंडाळल्याशिवाय हात लावू नका!